ग्रँड आयलंडवर स्कूबा: पैसे शिकवणाऱ्याचे द्या, देखाव्याचे नको

गोव्यात स्कूबा म्हटलं की ग्रँड आयलंड. मुरगावच्या पुढे, झुआरीच्या मुखाबाहेरचं हे बेट. नदीचा गाळ इथवर येतो, त्यामुळे पाणी हिरवट. चांगल्या दिवशी पाच-सहा मीटर दिसतं, वाईट दिवशी स्वतःच्या पायातले फिन्ससुद्धा (पोहायचे पंख) धूसर. जाहिरातीतले निळेशार फोटो मनात धरून आलात तर हिरमोड ठरलेला. तरीही मी फोंड्याहून जाऊन-येऊन ओपन वॉटरचा, म्हणजे स्कूबा शिकण्याचा पहिला कोर्स इथेच केला, आणि कुणी विचारलं तर इथेच करा असं सांगते.

शाळेचं नाव मुद्दाम देत नाही. पावसाळ्यात हा धंदा बंद असतो आणि ऑक्टोबरात परत सुरू होतो, तेव्हा शिकवणारी माणसं बरेचदा बदललेली असतात. म्हणून पाटी नको, माणूस पारखा. पैसे भरण्याआधी तीन गोष्टी विचारा: एका शिक्षकामागे किती जण, समुद्राआधी स्विमिंग पूल आहे का, आणि तब्येतीचा फॉर्म भरून घेतात का. दमा, कानाची जुनी तक्रार, रक्तदाबाची गोळी यांबद्दल जो विचारतच नाही त्याच्या बोटीत पाऊल टाकू नका.

बहिणीच्या कुटुंबासोबत मी आधी एका दीड-दोन हजारांच्या पॅकेजने गेले होते. बोट गच्च भरलेली, पूल नाही, बोटीवरच दोन हातखुणा दाखवल्या की लगेच पाण्यात. खाली शिक्षक मागून सिलिंडर धरून ठेवतो, माशांना बिस्किटं चारतो आणि व्हिडिओ काढतो. माझ्या भाचीला तर आधारासाठी प्रवाळावरच उभं केलं. त्याचा मला आजही राग येतो. प्रवाळ म्हणजे दगड नव्हे, ती जिवंत प्राण्यांची वसाहत आहे. काही जाती वर्षाला सेंटिमीटरभरसुद्धा वाढत नाहीत. वन्यजीव संरक्षण कायद्याने त्यांना संरक्षणही दिलेलं आहे.

कोर्सचा माझा शिक्षक मालवणचा. पुलात त्याने पहिला पूर्ण दिवस मास्कमध्ये पाणी घेऊन ते बाहेर काढण्यात घालवला. मान थोडी वर करायची, मास्कची वरची कड कपाळाशी बोटांनी दाबायची आणि नाकाने सावकाश श्वास सोडायचा. पाणी खालून निघून जातं. डोळ्यांत क्लोरीन जायचं, नाक झोंबायचं, मी धडपडत वर यायचे. तो एकच म्हणायचा, ‘काकू, घाय करू नका, दर्या खंय पळान जाणा नाय.’ कानांचंही तसंच. दहा मीटरवर दाब पृष्ठभागाच्या दुप्पट होतो, पण कान त्याच्या कितीतरी आधी बोलू लागतात. नाक चिमटीत धरून हलकी फुंकर मारायची, ती दुखायच्या आधी, दर मीटरभराला. आणि श्वास कधीही रोखून धरायचा नाही.

समुद्रात मग त्याने बॉयन्सीवर, म्हणजे पाण्यात एका पातळीवर तरंगत राहण्यावर जोर दिला. हात छातीशी, काही पकडायचं नाही, भरलेल्या छातीने किंचित वर, सोडलेल्या श्वासाने किंचित खाली. सहा-सात मीटरवर एका खडकासमोर आम्ही असेच तरंगत थांबलो. पिवळट-तपकिरी प्रवाळाच्या पंख्यावर ठिपक्यांसारखी बारीक तोंडं दिसत होती. शेजारी एक पोपट मासा चोचीने खडक खरवडत होता आणि त्याची करकर पाण्यात स्पष्ट ऐकू येत होती. पाणी गढूळ होतं म्हणूनच मी एवढ्या जवळून पाहिलं.

या शिक्षणाचं मोल मला फिजीत कळलं. मुलगी तिथे असते. तावेउनी बेटाजवळच्या रेनबो रीफवर पाणी इतकं स्वच्छ की खोलीचा अंदाजच चुकतो. तिथले मऊ प्रवाळ प्रवाह वाहू लागला की फुलतात, कारण त्यांचं खाणं प्रवाहातूनच येतं. म्हणजे सोमोसोमोच्या सामुद्रधुनीतला तो जोरदार प्रवाह असतानाच तिथे उतरायचं. ज्याला एका पातळीवर स्थिर राहता येत नाही तो एकतर प्रवाळावर आदळतो नाहीतर वर फेकला जातो. मला राहता आलं, आणि जांभळी-पांढरी झुडपं नीट बघता आली. ते मालवणच्या त्या मुलामुळे.

तक्रारी आहेत. भाड्याचे वेटसूट जुने, कोपरांवर विटलेले. मास्क स्वतःचा घ्या. दुकानातच पट्टा न लावता चेहऱ्यावर ठेवून नाकाने श्वास आत ओढा, चिकटून राहिला तर तुमच्या मापाचा. बोटीवरचं जेवण बेताचं. बोट लागत असेल तर सकाळी पोटात तेलकट काही नको. कोर्सला मला पंचवीस-तीस हजारांच्या घरात खर्च आला. कमी नाही, पण चार दिवस कुणीतरी माझ्यामागे मन लावून राबलं त्याचे ते पैसे आहेत.

आणि परतीचं विमान जपून काढा. एकापेक्षा जास्त डाइव्ह केल्या असतील तर किमान १८ तास उड्डाण नको, शरीरात साठलेला नायट्रोजन बाहेर पडायला वेळ लागतो. दाबोळी असो की मोपा, शेवटच्या डाइव्हच्या संध्याकाळचं तिकीट काढू नका. माझ्या शाळेने बुकिंग घेतानाच हे विचारलं होतं.