तंबाखू कापणीसाठी पाट्याचा विळा

निपाणीच्या बाजारातल्या एका लोहाराकडून हा विळा साडेतीनशे रुपयांना घेतला. ट्रकच्या कमान-पाट्यापासून घडवलेला, मूठ बाभळीची. यंदाची बिडी तंबाखूची सगळी कापणी यानंच केली. विळा उत्तम आहे.

आमच्या भागात तंबाखूचं अख्खं झाड बुडातून कापतात. पान जाड, खरबरीत होऊन त्यावर तांबूस ठिपके पडले की रान कापणीला आलं. तोवर बुडखा लाकडासारखा टणक होतो. गवताचा दातेरी विळा तिथं अडकतो. मग दोन-तीन हिसके द्यावे लागतात, आणि तेवढ्यात खालची पानं फाटतात. पानाचाच पैसा असतो, म्हणून मला हे फार लागतं. या विळ्यानं झाड डाव्या हातानं किंचित कलवायचं, बुडाशी पातं टेकवायचं आणि स्वतःकडे एकदाच ओढायचं. झाड अलगद हातात येतं. ते तिथंच आडवं ठेवून रात्रभर मलूल होऊ द्यायचं. ताजं पान ताठ असतं, लगेच हलवलं तर मोडतं.

धारेला पाणी चांगलं दिलंय, म्हणजे तापवून-विझवून ती नीट कडक केलीय. पानांचा चीक पात्यावर काळा थर धरतो, तेवढा मात्र रॉकेलच्या फडक्यानं अधूनमधून पुसावा लागतो. वजन थोडं जास्त आहे. आमच्या वहिनींचं मनगट दुपारनंतर भरून आलं, त्यांना हलका विळाच बरा. मुठीची कडीही सैल झाली होती, पाचर मारल्यावर घट्ट बसली.

म्हैसूर जिल्ह्यात हुणसूर-पिरियापट्टणकडे सिगारेटची तंबाखू करणाऱ्यांना याचा उपयोग नाही. तिथं पानं पिकतील तशी खालून वर, एका वेळी दोन-तीनच हातानं खुडतात आणि भट्टीत वाळवतात.

विळा कितीही चांगला असला तरी दव असताना कापायला उतरू नका. ओल्या पानातलं निकोटिन कातडीतून अंगात जातं. मळमळतं, चक्कर येते. दव उडू द्या, आणि पूर्ण बाह्यांचा सदरा व रबरी हातमोजे घाला. मजुरांनाही द्या, तो खर्च टाळू नका.

धार एकाच बाजूनं आहे. डावखुऱ्यांनी लोहाराला आधीच सांगून उलट्या धारेचा करून घ्यावा, जादा पैसे घेत नाही.