बँकॉकचं सामान, नऊ महिन्यांनंतर

बँकॉकहून आल्या आल्या सगळेच लिहितात. तेव्हा हत्ती छापलेल्या पँटची दुकानातली घडीसुद्धा मोडलेली नसते आणि घड्याळ अजून चालू असतं. मी मुद्दाम थांबले. फेब्रुवारी २०२५ मध्ये एक सॅक घेऊन एकटीच सात दिवस राहून आले, आता नोव्हेंबर संपत आलाय. मधे डोंबिवलीचा एक अख्खा पावसाळा आणि रोजची लोकल होती. बाट तेव्हा साधारण अडीच रुपयांना पडत होता.

आधी राहण्याचं. खाओ सान रोडच्या मागच्या गल्लीत मुलींच्या डॉर्ममध्ये पलंग घेतला होता. खाओ सान म्हणजे कांडून साल काढलेला तांदूळ, इथे पूर्वी तांदळाचा बाजार भरायचा. रस्ता जेमतेम ४०० मीटरचा आणि दोन्ही बाजूंचे बार एकमेकांवर ओरडत असतात. रात्री भटकायचं असेल तर जागा झकास, खरेदीसाठी मात्र गैरसोयीची, कारण स्कायट्रेन इथे येतच नाही. उपाय म्हणजे सेन सेप कालव्यातली बोट. फान फा धक्क्यावर बसायचं आणि प्रातुनामला उतरायचं. कंडक्टर हेल्मेट घालून बोटीच्या बाहेरच्या काठावरून चालत तिकिटं फाडतो, आणि समोरून दुसरी बोट आली की कडेला बसलेल्यांनी दोरी ओढून प्लास्टिकचा पडदा वर करायचा. मी पहिल्या दिवशी आळस केला. पाणी तोंडावर आलं, वास ओळखीचा होता: आपली घाणेरडी वालधुनी नदी. ट्रॅफिक बघता तरीही बोटच घ्या, फक्त संध्याकाळनंतर ती मिळेल असं धरून चालू नका.

प्रातुनामला कपडे. डोंबिवलीच्या फडके रोडवर 'बँकॉकचा माल आहे ताई' ऐकतच मी मोठी झाले, त्यामुळे तो माल जिथून निघतो ती जागा बघायची हौस होती. प्लॅटिनम मॉलमध्ये बहुतेक दुकानांत एका नगाचा भाव वेगळा आणि तीन घेतले की होलसेलचा वेगळा. बऱ्याच ठिकाणी घालून बघू देत नाहीत आणि माप एकच, फ्री साइझ. फ्री म्हणजे बारीक मुलींना फ्री. पाच टॉप घेतले. दोन आल्यावर बहिणीकडे गेले, एकाची शिवण दुसऱ्या धुण्यात उसवली, उरलेले दोन ऑफिसला अजून घालते आणि रंगही गेलेला नाही. पाचात दोन हा हिशेब वाईट वाटेल, पण फडके रोडच्या एका टॉपच्या पैशांत ते पाच आले होते.

हत्तीच्या पँट दोन, खाओ सानवरून, १२० बाटांना एक. रेयॉन ओलं झालं की कमजोर पडतं आणि आमच्याकडे कपडे पिळून वाळत घालतात. पहिली पँट तिसऱ्या धुण्यात बैठकीत फाटली. दुसरीचे आईने उशीचे अभ्रे शिवले, ते छान टिकलेत.

घड्याळ पातपोंगच्या, म्हणजे तिथल्या बदनाम बार-वस्तीच्या, नाइट मार्केटमधून. विक्रेत्याने कॅल्क्युलेटरवर १८०० लिहिलं, मी ३०० केलं, तो छातीवर हात ठेवून दुखावला, मी चालायला लागले, ५०० ला तुटलं. मला वाटलं मी जिंकले. जुलैत काचेच्या आत धुकं साचलं, गणपतीपर्यंत काटे थांबले. या पातपोंगला दर दहा पावलांवर कोणीतरी 'शो'चं लॅमिनेट केलेलं कार्ड नाकासमोर धरतो, बाई असलात तरी. वरच्या मजल्यावर 'फुकट एंट्री' असेल तर बिल उतरताना येतं, हे हॉस्टेलमधल्या एकीने स्वतःच्या पैशांनी शिकलं होतं.

आता चातुचाक. शनिवार-रविवारचा बाजार, १५,००० च्या वर दुकानं, २७ विभाग. मेट्रोने कांफेंग फेतला उतरलात तर थेट बाजारात निघता. सकाळी नऊला पोचा, अकरानंतर पत्र्याखाली भाजून निघाल. वस्तू आवडली तर तिथेच घ्या, 'फिरून येऊ' म्हटलंत की ते दुकान पुन्हा दिसत नाही. मी मधल्या घड्याळाच्या मनोऱ्याला तीन फेऱ्या मारून एक दिवा कायमचा हरवला आहे. भाव करताना 'लोद दाय माय?' म्हणजे कमी होईल का, एवढं हसून विचारलं की दहा-वीस बाट सुटतात. आपल्यासारखं निम्म्यावरून सुरू केलंत तर ते चिडत नाहीत, नुसते दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे वळतात. ते जास्त लागतं.

इथून मी दगडी खलबत्ता आणला. थाई भाषेत 'क्रोक हिन', ग्रॅनाइटचा, ४५० बाट, वजन पाच किलोला टेकलेलं. सोम ताम या कच्च्या पपईच्या कोशिंबिरीसाठी ते मातीचा खल आणि लाकडी बत्ता वापरतात, करीचं वाटण कुटायला हा. परतीच्या सामानात त्याच्यासाठी सॅकमधली जीन्स आणि टॉवेल हॉस्टेललाच सोडले. आई दारातच म्हणाली, "दगड आणायला बँकॉकला गेली होतीस?" पहिले तीन दिवस कच्चे तांदूळ कुटले, राखाडी पीठ निघायचं, मग पांढरं निघायला लागलं तेव्हा वापरायला काढला. आतून थोडा खरबरीत आहे, म्हणून मिरची सटकत नाही. आज घरातला ठेचा यातच होतो आणि मिक्सरचं छोटं भांडं माळ्यावर गेलंय.

दुसरी टिकलेली वस्तू पंचवीस बाटांची: यादोम, नाकाशी धरून हुंगायची कापूर-मेंथॉलची नळी. बँकॉकमध्ये बोटीतली आजी, मोटारसायकल टॅक्सीवाला, बँकेतली मुलगी, सगळे हुंगत असतात. सहा आणल्या, चार उरल्यात. सकाळच्या ८:१२ च्या लोकलमध्ये दिवा स्टेशनच्या पुढे मी ती काढते तेव्हा शेजारणीही हात पुढे करतात. आणि नानयांगच्या रबरी चपला, ज्या तिथे शाळकरी पोरांपासून हमालांपर्यंत सगळे घालतात. पावसाळाभर त्याच घातल्या, पट्टा निघाला नाही.

रात्रींबद्दल. मी गेले त्याच्या दुसऱ्या दिवशी, १२ फेब्रुवारीला, माखा बुचा हा बौद्ध सण. माखा म्हणजे आपला माघ, आपल्याकडे त्याच दिवशी माघी पौर्णिमा. त्या दिवशी दारूविक्री बंद, त्यामुळे खाओ सान चक्क शांत. मी वैतागून बाहेर पडले आणि जवळच्या वात बोवोननिवेत या बौद्ध मंदिरात लोक मेणबत्ती, उदबत्ती, कमळ घेऊन प्रदक्षिणा घालत होते, तिथे रांगेत शिरले. सगळ्या आठवड्यातली ती एक रात्र जशीच्या तशी आठवते. बाकीच्या रात्री एकमेकींत मिसळल्या आहेत.

दुसऱ्या दिवशी अर्थात बादली घेतली. प्लास्टिकची छोटी बादली, त्यात सांगसोम रम, क्रातिंग देंग नावाचं एनर्जी ड्रिंक, कोक, बर्फ आणि चार स्ट्रॉ. चौघींत एक घ्या. दोघींत घेतलीत तर दुसरा दिवस हॉस्टेलच्या छताकडे बघण्यात जातो. परतताना टॅक्सीवाला मीटर टाकायला तयार नसेल तर वाद न घालता पुढची बघा, पाचवा-सहावा टाकतो. एकटीने चायनाटाउनमधल्या यावारातच्या खाऊगल्लीत मध्यरात्रीपर्यंत फिरले, कुठे भीती वाटली नाही.

ती गुलाबी बादली धुऊन घरी आणली. आता गॅलरीत कपड्यांच्या चिमट्यांसाठी आहे. आईला ती 'खेळण्यातली' वाटते, मी दुरुस्त केलेलं नाही.

जानेवारीत मामेबहीण बँकॉकला निघालीय. आईने मावशीसाठी तसाच एक खलबत्ता, 'थोडा मोठा', सांगून ठेवलाय. तिच्या तिकिटात फक्त ७ किलोची हँडबॅग आहे हे आईला अजून कोणी सांगितलेलं नाही.