फॉर्म बी देणारी एजन्सी आणि पाणी सोडून पाहणारी एजन्सी

महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम, २००६ अन्वये इमारतीतील अग्निशमन यंत्रणा सुस्थितीत असल्याचे परवानाधारक एजन्सीचे प्रमाणपत्र, म्हणजेच फॉर्म बी, दरवर्षी जानेवारी आणि जुलै महिन्यांत सादर करावे लागते. बहुतेक सोसायट्यांच्या लेखी विषय तिथेच संपतो. पुण्यातील आमच्या बारा मजली इमारतीतही आधीची एजन्सी पंप चालू असल्याचे फोनवर विचारून घेई आणि सही-शिक्क्याचा कागद पाठवून देई. यंदा कार्यकारिणीने एजन्सी बदलली. नव्या एजन्सीचा दर जवळपास दीडपट असल्याने सभेत बरीच कुरकुर झाली. माझ्या मते मात्र तो वाजवी आहे.

पंपापासून सर्वांत दूरच्या नळाच्या तोंडाशी पाण्याला पुरेसा दाब मिळाला, तरच यंत्रणा चालते असे म्हणता येते. म्हणून या लोकांनी तपासणीची सुरुवातच बाराव्या मजल्यावरील हायड्रंट, म्हणजे आग विझवण्यासाठीचा नळ, उघडून केली. पाणी आले, पण करंगळीएवढे. तळघरात जाऊन पाहिले तेव्हा पॅनलवरील स्विच ‘ऑटो’ऐवजी ‘मॅन्युअल’वर असल्याचे आढळले, म्हणजे खरोखर आग लागली असती, तर पंप सुरू करण्यासाठी कोणाला तरी दोन जिने उतरून अंधारात धावावे लागले असते. होजच्या, म्हणजे पाणी मारायच्या पाइपच्या, चार पेट्यांतील पितळी नोझल (पाइपच्या टोकाची तोटी) गायब होते. भंगारात पितळेला भाव मिळतो, हे चोराला ठाऊक होते. आम्हाला पेटी उघडून पाहण्याचे सुचले नव्हते.

अग्निशामक सिलिंडरांची तपासणी पाहण्यासारखी होती. काटा हिरव्या पट्ट्यात असला म्हणजे सिलिंडर ठीक, असा सर्वांचा समज असतो. तंत्रज्ञाने प्रत्येक सिलिंडर वजन करून, उलटा धरून कानाशी नेला. आतली पावडर सरकल्याचा आवाज न आलेले सिलिंडर त्याने बाजूला काढले, कारण पावडर गोठली असेल तर दाब असूनही ती नीट बाहेर पडत नाही.

एजन्सीने रहिवाशांचे आगीबाबतचे प्रशिक्षण मंगळवारी सकाळी अकराला ठेवल्याबद्दल नोकरदार मंडळींनी तक्रार केली. ती मला पटत नाही, कारण त्या वेळी घरी असणारे ज्येष्ठ नागरिक आणि स्वयंपाकाच्या ताई यांनाच ते सर्वाधिक आवश्यक होते. कढईतील तेल पेटल्यास त्यावर पाणी मुळीच ओतू नये, गॅस बंद करून कढईवर ताट सरकवावे, आणि थंड होईपर्यंत ते उचलू नये, हे एजन्सीच्या लोकांनी ताईंकडून प्रत्यक्ष करवून घेतले. भाजलेल्या जागी टूथपेस्ट न लावता ती वाहत्या पाण्याखाली वीस मिनिटे धरावी, हेही सांगितले.

उणिवा आहेत. अहवाल संपूर्ण इंग्रजीत असून वॉचमनला त्याचा काडीचाही उपयोग नाही. शिवाय दुरुस्तीयोग्य सिलिंडरही बदलण्याचा आग्रह विक्रीच्या हेतूने होता, अशी शंका येते. जिन्याचे दरवाजे झाडांच्या कुंड्या लावून उघडे ठेवलेले आहेत, याची मात्र अहवालात एका ओळीत बोळवण केली आहे. आगीत माणसे होरपळण्याआधी बहुधा धुराने गुदमरतात, आणि हे दरवाजे बंद राहिले तरच जिन्यात धूर शिरत नाही. तेव्हा त्यांची तपासणी मजलानिहाय छायाचित्रांसह व्हावी, अशी अट करारात घालून घेण्याची सूचना मी सेक्रेटरींना लेखी दिली आहे.