एका पितळी नटापायी साडेबारा हजार : वॉरंटी संपलेला लॅपटॉप कंपनीकडून दुरुस्त केला, त्याला आठ महिने झाले

गेल्या जूनमध्ये झाकण उघडताना उजवीकडे कट्ट वाजलं, स्क्रीनखालची पट्टी उचकटली आणि टेबलावर पितळेचा एक बारका नट पडला. बाहेरून नर्लिंग (पकडीसाठी कोरलेल्या बारीक खाचा), आत आटे, आकार हरभऱ्याच्या डाळीपेक्षाही लहान. भोवती प्लॅस्टिकचा तुकडा तसाच चिकटलेला. लॅपटॉप मार्च 2021 चा, वॉरंटी एकाच वर्षाची.

कोल्हापुरात राजारामपुरीतल्या कंपनीच्या अधिकृत सेंटरला नेला. आधी तपासणीचे 590 रुपये घेतले. दुरुस्ती केली तर ते बिलातून वजा, नाही केली तर गेले. दुसऱ्या दिवशी कोटेशन आलं: बिजागऱ्यांसकट वरचं झाकण 9,200, मजुरी 1,500, वर 18 टक्के जीएसटी, एकूण 12,626. मी तो नट काउंटरवर ठेवला. म्हटलं, "मॅडम, एवढा बसवून द्या, बस्स." त्या म्हणाल्या, "सर, सिंगल पार्ट येत नाही. पूर्ण असेंब्लीच मागवावी लागते."

आमचं उद्यमनगरात वर्कशॉप आहे. असले नट हजारांत काढायचे म्हटले तर नगामागं दोन-तीन रुपयांच्या वर भाव कोणी देणार नाही. म्हणून हे मनाला फार लागलं. आणि चूक नटाची नाहीच. हा नट गरम करून प्लॅस्टिकच्या बॉसमध्ये, म्हणजे नट बसवायला ठेवलेल्या पोकळ उंचवट्यात दाबतात, प्लॅस्टिक वितळून नर्लिंगमध्ये शिरतं आणि त्याला धरून ठेवतं. ती पकड टिकायला बॉसची भिंत जाड पाहिजे. इथं लॅपटॉप पातळ दाखवायच्या नादात भिंत पापडासारखी केलीय. बिजागरी तर घर्षणावरच चालते, म्हणूनच स्क्रीन पाहिजे त्या कोनात थांबते. वर्षा-दोन वर्षांत तिचं ग्रीस सुकतं, ती घट्ट होते आणि सगळा पीळ त्या भिंतीवर येतो. त्यात आपण झाकण उजव्या कोपऱ्याला धरून उचलतो, म्हणजे एकाच बाजूवर सगळा ताण. बॉसला दोन आधाराच्या फासळ्या जास्त दिल्या असत्या तर हे घडलं नसतं. साचा बनवणाऱ्या कुठल्याही माणसाला हे कळतं.

रागानं लॅपटॉप परत आणला आणि ओळखीच्या दुरुस्तीवाल्याकडून इपॉक्सीनं नट चिकटवून घेतला. 450 रुपये. तेव्हा वाटलं, जिंकलो. जेमतेम तीन आठवडे चाललं. मग सांधा पुन्हा सुटला, आणि या खेपेला स्क्रीनची केबल बिजागरीत चेंगरायला लागली. झाकण हलवलं की पडदा लुकलुकायचा. दुरुस्तीवाल्याचा दोष नाही, त्यानं आधीच सांगितलं होतं की घट्ट बिजागरी सैल केल्याशिवाय हे टिकणार नाही. मीच घाईत होतो, गिऱ्हाइकाला ड्रॉइंग पाठवायचं होतं.

जुलैच्या मध्याला मुकाट्यानं सेंटरला परत गेलो आणि आधीचे 590 वजा जाऊन 12,036 भरले. जुन्या लॅपटॉपवर एवढा खर्च का, तर अकराव्या पिढीचा आय-फाइव्ह प्रोसेसर आहे, विंडोज 11 व्यवस्थित चालतं. आठव्या पिढीच्या आधीचा असता तर केला नसता, कारण त्यावर विंडोज 11 अधिकृतपणे चालत नाही आणि विंडोज 10 चे मोफत अपडेट 14 ऑक्टोबर 2025 ला थांबणार हे तेव्हाच जाहीर होतं. पार्ट यायला अकरा दिवस लागले. जमत असेल तर असलं काम पावसाळ्यात टाकू नका. 2019 आणि 2021 ला शिरोलीजवळ महामार्ग पाण्याखाली गेला तेव्हा ट्रक दिवसचे दिवस अडकून पडले होते.

डेटाची जबाबदारी आमची नाही, अशा फॉर्मवर सही घेतात. बॅकअप घ्याच. मेव्हण्याच्या लॅपटॉपचा मदरबोर्ड बदलला तर चालू होताच बिटलॉकरनं (विंडोजमधलं डेटाचं कुलूप) 48 अंकी रिकव्हरी की मागितली. ती मायक्रोसॉफ्ट खात्यात सापडली म्हणून निभावलं.

आता काम कसं झालं ते सांगतो, आणि इथं माझं मत बदललं. तिथल्या पोरानं काम मन लावून केलं. माझ्यासमोर केबल खाचेतून नीट ओढून घेतली, एकेक स्क्रू हातानं आवळला, झाकण दहा-बारा वेळा उघडझाप करून बघितलं. त्या पोराला पैकीच्या पैकी मार्क. नव्या झाकणाच्या बॉसला फासळ्याही आहेत, जुन्याला नव्हत्या. म्हणजे कंपनीला खोट कळली होती, गुपचूप सुधारलीही, आणि जुन्या गिऱ्हाइकाकडून मात्र पूर्ण पैसे घेतले. हे मला अजून पटत नाही.

जुनं झाकण परत मागितलं तर "पॉलिसीत नाही" म्हणाले. अहो, पार्टचे पूर्ण पैसे मी भरलेत, एक्स्चेंजमध्ये काही घेतलेलं नाही. 1915 या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार करतो म्हटल्यावर संध्याकाळी मॅनेजरचा फोन आला, "घेऊन जा." दुरुस्तीला टाकतानाच कागदावर लिहून घ्या, जुना भाग परत पाहिजे म्हणून.

बदललेल्या पार्टला 90 दिवसांची वॉरंटी होती, ती ऑक्टोबरमध्येच संपली. आज आठ महिने झाले, बिजागरीचा आवाज नाही, पडदा लुकलुकत नाही. घरात सगळ्यांना झाकण मधोमध धरून उघडायला शिकवलंय. दुसरं झाकण घ्यायची पाळी मात्र येऊ द्यायची नाही, म्हणून जुन्या झाकणावर पत्र्याची एक मिलिमीटरची पट्टी बसवून बघतोय, नट त्या पट्टीलाच धरेल अशी. जमली तर मापं इथंच टाकतो.