पहिलं पुस्तक: प्रकाशकाकडे द्यावं, पैसे भरून काढावं की स्वतःच छापावं?

हस्तलिखित पूर्ण झालं की "आता हे छापेल कोण?" हा प्रश्न छळायला लागतो. त्याच्याही आधी एक प्रश्न स्वतःला विचारा: पुस्तक खपलंच नाही, तर पैसे कोणाचे बुडणार? पुढच्या तिन्ही वाटांचा स्वभाव या एका उत्तरावरून कळतो.

प्रकाशक स्वतःच्या खर्चाने काढतो तेव्हा

इथे पैसे त्याचे बुडतात, म्हणून तो निवडून घेतो आणि वेळ घेतो. होकार-नकार कळायलाच काही महिने जातात. होकार आला तरी पुस्तक हातात पडेपर्यंत आणखी वर्ष-दीड वर्ष सहज लागतं. काही मोठ्या संस्था लेखकाकडून थेट हस्तलिखित घेतच नाहीत, साहित्यिक एजंटमार्फतच, म्हणजे लेखकाच्या वतीने प्रकाशकाशी बोलणी करणाऱ्या माणसामार्फतच घेतात. एजंटचा वाटा साधारण १५ टक्के असतो आणि तो तुम्हाला मिळालेल्या रकमेतून कापला जातो. वाचण्याआधीच फी मागणाऱ्या एजंटकडे दुसऱ्यांदा जाऊ नका.

एवढं थांबून मिळतं काय? माझ्या मते सर्वात मोलाचा असतो तो संपादक. माझ्या पहिल्या पुस्तकाच्या संपादकबाईंनी तिसऱ्या प्रकरणाच्या समासात पेन्सिलीने लिहिलं होतं, "पहिली चार पानं काढावीत. गोष्ट पाचव्या पानावर सुरू होते." त्या चार पानांवर मी महिनाभर घालवला होता. दोन दिवस फोनही केला नाही त्यांना. तिसऱ्या दिवशी प्रकरण पाचव्या पानापासून मोठ्याने वाचून पाहिलं आणि पानं काढून टाकली. असं सांगणारं माणूस घरच्यांत आणि मित्रांत सापडत नाही. त्यांना आपल्याला दुखवायचं नसतं.

पैशांच्या बाबतीत एक शब्द नीट वाचा. रॉयल्टी, म्हणजे विक्रीतला लेखकाचा वाटा, "छापील किमतीवर" आहे की "प्रकाशकाला प्रत्यक्ष मिळालेल्या रकमेवर"? पुस्तकाच्या किमतीचे १०० भाग धरा. वितरक आणि विक्रेता मिळून ५० भाग घेत असतील, तर १० टक्के रॉयल्टी पहिल्या हिशेबाने १० भाग होते आणि दुसऱ्या हिशेबाने ५. करारात आकडा दोन्हीकडे १० टक्केच दिसतो. आगाऊ रक्कम मिळाली तर ती पुढच्या रॉयल्टीतून वळती होते, म्हणजे ती फिटेपर्यंत नवे पैसे येत नाहीत.

हस्तलिखित चोरीला जाईल म्हणून ते पाठवायलाच घाबरणारे पुष्कळ भेटतात. स्वामित्वहक्काविषयीच्या १८८६ च्या आंतरराष्ट्रीय बर्न करारातल्या देशांत, म्हणजे जवळजवळ सगळीकडेच, लेखन कागदावर उतरलं की स्वामित्वहक्क आपोआप लेखकाचा होतो. पाठवल्याची तारीख दिसेल असा ईमेल जपून ठेवा आणि निर्धास्त पाठवा. कथा-कादंबरी असेल तर पूर्ण हस्तलिखित तयार हवं. माहितीपर पुस्तकासाठी प्रस्ताव, प्रकरणांची यादी आणि दोन-तीन नमुना प्रकरणं बऱ्याच ठिकाणी पुरतात.

तुम्ही पैसे भरता आणि नाव प्रकाशकाचं लागतं तेव्हा

या वाटेबद्दल मला कळकळीने सांगायचं आहे, कारण पहिल्या पुस्तकाचा लेखक इथेच सर्वात जास्त नाडला जातो. नकार ऐकून थकलेल्या माणसाला "आम्हाला तुमचं लेखन फार आवडलं" असं पत्र येतं आणि त्याच्या दुसऱ्या परिच्छेदात "सहभाग रक्कम" असते.

माझ्या एका मैत्रिणीने असा करार केला. छपाईचा सगळा खर्च तिचा. ३०० प्रती छापल्या आणि त्यातल्या बहुतेक खोक्यांत भरून तिच्याच घरी आल्या. प्रकाशकाचा नफा तिने भरलेल्या रकमेतूनच निघाला होता, मग पुस्तक विकण्याची धडपड त्याने कशाला करावी? पुढे एका संपादकाला त्यातल्या दोन कथा संकलनात घ्यायच्या होत्या. तेव्हा करार पुन्हा उघडला. त्यात लिहिलं होतं, "मुद्रित, श्राव्य, दृक्‌श्राव्य तसेच भविष्यात निर्माण होणाऱ्या सर्व माध्यमांतील हक्क." मुदत कुठेच नव्हती. कथा संकलनात गेल्या नाहीत.

थोर लेखकांनीही पैसे भरले होते, असं अशा वेळी सांगितलं जातं. खरं आहे. फ्रेंच कादंबरीकार मार्सेल प्रूस्तने १९१३ मध्ये आपल्या कादंबरीचा पहिला भाग स्वखर्चाने प्रकाशकाकडून काढून घेतला होता. पण त्याच्याकडे पैसा होता, आणि पॅरिसच्या वर्तमानपत्रांतून पुस्तकाबद्दल लिहितील असे मित्रही होते.

नाइलाजाने इकडे वळलातच, तर संपादन, मांडणी, मुखपृष्ठ, छपाई आणि वितरण यांचा खर्च वेगवेगळा लिहून मागा. त्याच संस्थेने काढलेली तीन पुस्तकं दुकानात खरोखर दिसतात का, ते स्वतः जाऊन पाहा. हक्क तुमच्याकडेच राहतील आणि कराराला मुदत असेल, एवढं तरी सोडू नका.

सगळं स्वतः करता तेव्हा

पैसे तुमचे, निर्णयही तुमचेच, आणि संपादक, मुद्रितशोधक, मुखपृष्ठ करणारा कलाकार अशी माणसं तुम्हीच शोधायची. हातात एकाच्याच मानधनाचे पैसे असतील तर ते संपादकाला द्या. साधं मुखपृष्ठ वाचक चालवून घेतो, तिसऱ्या पानावर कंटाळला तर पुस्तक मिटतो.

छपाईत दोन पर्याय आहेत. ऑफसेटला, म्हणजे प्लेट बनवून एकदम पुष्कळ प्रती काढण्याच्या पद्धतीला, प्लेट आणि जुळवाजुळवीचा खर्च एकदाच होतो, म्हणून प्रती वाढल्या की दर प्रतीचा खर्च उतरतो. मागणीनुसार छपाईत एक प्रतही निघते. तिचा खर्च जास्त पडतो, पण घरात गठ्ठे साचत नाहीत. वाचक किती मिळतील याचा अंदाज नसेल तर मागणीनुसार छपाईच घ्या. ऑफसेट करणारच असाल तर फर्म्याचा हिशेब आधी करा. फर्मा म्हणजे एका मोठ्या कागदावर एकत्र छापली जाणारी पानं. एक फर्मा साधारण १६ पानांचा, म्हणजे १० फर्म्यांत १६० पानं. मजकूर १६३ पानांवर गेला तर त्या तीन पानांसाठी आणखी कागद लागतो. ओळींमधली जागा थोडी आवळली की बहुधा काम होतं.

आयएसबीएन, म्हणजे पुस्तकाची जगभर ओळख पटवणारा क्रमांक, २००७ पासून १३ अंकी आहे. कागदी आवृत्ती आणि ई-पुस्तक यांना वेगळे क्रमांक लागतात. विक्रीचं संकेतस्थळ मोफत क्रमांक देतं, पण तो सहसा दुसरीकडे वापरता येत नाही. जमत असेल तर क्रमांक स्वतःच्या नावाने घ्या.

दर प्रतीमागे हातात येणारा वाटा इथे सर्वात मोठा. पण दुकानांपर्यंत पोहोचणं सर्वात अवघड, कारण न खपलेल्या प्रती परत घेण्याची हमी विक्रेत्याला एकटा लेखक देऊ शकत नाही. म्हणून ही वाट शोभते ती ज्याला आपले वाचक कोण आणि कुठे आहेत हे ठाऊक आहे त्याला: विषय शिकवणारा, व्याख्यानं देणारा, एखाद्या व्यवसायातल्या लोकांसाठी लिहिणारा. एक अडचण मात्र आहे. आधीच बाजारात आलेलं पुस्तक घ्यायला प्रकाशक सहसा नाखूश असतात. अपवाद आहेत: इंग्रज बाललेखिका बीट्रिक्स पॉटरने नकारांनंतर १९०१ मध्ये पीटर नावाच्या सशाच्या गोष्टीच्या २५० प्रती स्वतः छापून घेतल्या, आणि १९०२ मध्ये तीच गोष्ट प्रकाशकाने रंगीत चित्रांसह काढली.

मग निवड कशी करायची?

कथा, कविता, कादंबरी असेल आणि तुमचं नाव अजून कोणाला माहीत नसेल, तर आधी प्रकाशकांकडे जा. तुमच्या प्रकारची पुस्तकं खरोखर काढणारे सात-आठ प्रकाशक निवडा, त्यांच्या सूचना वाचून तसंच पाठवा, आणि दीड वर्षाची मुदत कॅलेंडरवर लिहून ठेवा. ती संपली की स्वतः छापण्याचा विचार करा. वाचक आधीच ओळखीचा असेल तर एवढंही थांबायची गरज नाही.

वाट पाहण्याच्या काळात एक-दोन प्रकरणं नियतकालिकांना पाठवत राहा, पण कोणते हक्क देता ते विचारून घ्या. आणि कुठलाही करार आला तरी त्याच दिवशी सही करू नका. तो छापून घ्या, हक्क, मुदत आणि हिशेब कधी मिळणार या तीन ओळींखाली रेघ मारा, आणि चौथ्या दिवशी ताज्या डोळ्यांनी पुन्हा वाचा.