एआयची तीन सबस्क्रिप्शन्स होती, आता एकावर आलेय

जवळपास वर्षभर मी चॅटजीपीटी आणि क्लॉड हे दोन चॅटबॉट आणि चित्रं काढून देणारं मिडजर्नी या तिन्हीचे पैसे भरत होते. पहिल्या दोघांचे महिन्याला २०-२० डॉलर आणि मिडजर्नीच्या स्टँडर्ड प्लॅनचे ३०, म्हणजे ७० डॉलर झाले. माझं काम मजकूर तपासायचं, पुस्तिका लावायचं आणि अधूनमधून पोस्टर करायचं, त्यामुळे वापर भरपूर आहे, पण एकदा बसून पाहिलं तेव्हा कळलं की दोन चॅटबॉट्सपैकी एक मी फक्त पहिल्याची वापराची लिमिट संपली की उघडत होते. म्हणजे दुसऱ्याचे पैसे मी कामासाठी नाही, तर पहिला नीट वापरत नव्हते म्हणून भरत होते.

आणि ही लिमिट का संपते ते कळलं ना, की अर्धा प्रश्न सुटतो. आपल्याला वाटतं आपण मेसेजचे पैसे देतो. तसं नसतं. मॉडेल मागचं बोलणं डोक्यात धरून बसलेलं नसतं, तुम्ही नवीन ओळ टाकली की वरची सगळी चॅट, अपलोड केलेल्या फाइलसकट, परत त्याच्यासमोर जाते. त्यामुळे साठाव्या मेसेजला "हा शब्द बदल" एवढंच लिहिलं तरी त्याच्यामागे आधीचं अख्खं बाड असतं. मी एक ४० पानी माहितीपुस्तिका तीन दिवस एकाच चॅटमध्ये तपासत होते, तिसऱ्या दिवशी दर थोड्या वेळाने लिमिट संपायला लागली आणि उत्तरंही ढिली यायला लागली, पहिल्या दिवशी ठरवलेले शब्द ते विसरून भलतेच वापरायला लागलं.

आता मी प्रत्येक प्रकरणाला नवीन चॅट उघडते. जुनी बंद करायच्या आधी एकच गोष्ट मागते, "आत्तापर्यंत ठरलेले शब्द, नियम आणि राहिलेलं काम दहा ओळींत लिहून दे", आणि त्या दहा ओळी नव्या चॅटच्या डोक्यावर पेस्ट करते. बस, एवढ्यानेच माझी लिमिट दिवसभर पुरायला लागली. दुसरी सवय म्हणजे उत्तर चुकलं तर खाली "नाही, असं नको" लिहीत न बसता आपलाच आधीचा मेसेज एडिट करायचा, म्हणजे चुकलेलं उत्तर चॅटमध्ये ओझं म्हणून राहत नाही. आणि पूर्ण पीडीएफ टाकू नका, लागतील तीच पानं टाका.

मराठीत काम करणाऱ्यांनी अजून एक लक्षात ठेवावं, देवनागरी मजकुराला इंग्रजीपेक्षा जास्त टोकन (मॉडेल मजकुराचे जे छोटे तुकडे करून वाचतं ते) लागतात, म्हणून लिमिटही लवकर संपते. २०२४ च्या मे महिन्यात चॅटजीपीटीचं जीपीटी-४ओ हे मॉडेल आलं तेव्हा त्याच्या नव्या टोकनायझरमुळे, म्हणजे हे तुकडे पाडायच्या नव्या पद्धतीमुळे, मराठीची टोकन्स साधारण एक तृतीयांशावर आली, हा फार मोठा फरक होता आणि त्याबद्दल आपल्याकडे कुणी फारसं बोललंच नाही याचं मला खरंच वाईट वाटतं.

आता चित्रं. मिडजर्नीच्या चित्रांचा दर्जा मला आवडतो, त्यात वादच नाही. पण १० डॉलरच्या बेसिकमध्ये महिन्याला साधारण ३.३ तासच फास्ट जीपीयू (म्हणजे चित्र लगेच काढून देणाऱ्या मशीनचा वेळ) मिळतो, तर स्टँडर्डमध्ये १५ तास आणि वर रिलॅक्स मोड, म्हणजे रांगेत थांबून सावकाश चित्र मिळायची सोय, अमर्याद. मग कल्पना चाचपायची तेव्हा रिलॅक्स किंवा ड्राफ्ट मोड (व्हर्जन ७ मधला, कच्चं चित्र निम्म्या खर्चात होतं), आणि पसंत पडलेल्या चित्रावरच फास्टचा वेळ घालवायचा. मी आधी उलटं करत होते, पहिल्या प्रयत्नापासून सगळं फास्टवर. चित्रातला एखादा कोपराच बिघडला असेल तर तेवढाच भाग बदलून घ्या, अख्खं चित्र परत काढत बसू नका. क्लायंटचं काम असेल तर हेही बघा की चित्रं खासगी ठेवायचा स्टेल्थ मोड फक्त प्रो आणि मेगा प्लॅनला आहे.

पोस्टरवर मराठी अक्षरं मात्र चित्रातच लिहून घ्यायचा हट्ट सोडा. "प्रवेश विनामूल्य" एवढ्या दोन शब्दांसाठी मी एका संध्याकाळी पंचवीसेक चित्रं काढली, दर वेळी जोडाक्षर तुटलेलं नाहीतर वेलांटी शेजारच्या अक्षरावर. आता प्रॉम्प्टमध्येच (चित्रासाठी लिहायच्या सूचनेत) वरची जागा मोकळी ठेवायला सांगते आणि अक्षरं नंतर डिझाइनच्या सॉफ्टवेअरमध्ये युनिकोड फाँटमध्ये टाइप करते, पाच मिनिटांचं काम. ज्यांच्याकडे चांगलं ग्राफिक्स कार्ड आहे त्यांना स्टेबल डिफ्यूजन हे चित्रं काढणारं मॉडेल आपल्याच मशीनवर चालवता येतं, २०२२ च्या ऑगस्टपासून ते डाउनलोड करता येतंय, फक्त सेटिंगला वेळ द्यायची तयारी हवी.

"सगळी मॉडेल्स एकाच ॲपमध्ये" अशा एका सर्व्हिसचा मी वर्षाचा प्लॅन घेतला होता, त्याबद्दल कळकळीने सांगते, वर्षाचे पैसे एकदम भरू नका. दोन महिन्यांत त्यांनी चांगल्या मॉडेल्सना लागणारी क्रेडिट्स वाढवली, रिफंड मागितला तर नियमावर बोट ठेवलं. या क्षेत्रात दर काही महिन्यांनी चित्र पालटतं, आज जे पहिलं आहे ते सहा महिन्यांनी असेलच असं नाही, म्हणून महिन्याचाच प्लॅन घ्यावा, वर्षाच्या प्लॅनवर सूट मिळत असली तरी. ज्यांचं काम आठवड्यातून दोन-चार प्रश्नांचं आहे त्यांनी फ्री प्लॅनच वापरावा, किंवा एपीआय (ॲपऐवजी मॉडेलला थेट जोडून घ्यायची सोय) घ्यावा, तिथे वापराल तेवढंच बिल येतं. आणि फोनमधून ॲप डिलीट केलं म्हणजे सबस्क्रिप्शन बंद होत नाही, पैसे कापत राहतात, ते वेगळं कॅन्सल करावं लागतं.

सध्या मी एकच चॅटबॉट ठेवलाय. पुढच्या महिन्यात एका पुस्तिकेची चित्रं करायची आहेत, तेव्हा मिडजर्नी महिनाभरासाठी घेईन आणि घेतल्या दिवशीच कॅन्सल करून टाकेन, भरलेला महिना संपेपर्यंत ते चालूच राहतं.