सेप्टिक टँक उपसणारा टँकर: सेवा घेताना काय बघायचं

भुयारी गटार न पोचलेल्या भागातल्या सोसायट्या, बंगले, शाळा, मंगल कार्यालयं, सगळ्यांनाच कधी ना कधी सक्शन टँकर बोलवावा लागतो. फोन केला की गाडी येते, पाईप टाकते, मैला ओढते आणि खेपेप्रमाणे पैसे घेऊन जाते. या सेवेची खरी परीक्षा तळाच्या शेवटच्या फूटभर गाळात होते. तिथे चांगला ठेकेदार दाबाचं पाणी मारतो, वाईट ठेकेदार माणूस उतरवतो. म्हणून आमचा पहिला निकष एकच: टाकीत कोणी उतरलं का? उतरलं असेल तर बाकी सगळ्याचे गुण शून्य.

फोनवर येणाऱ्या बहुतेक गाड्या ३ ते ५ हजार लिटरच्या असतात. तीन-चार इंची पाईप आणि व्हॅक्यूम पंप एवढ्यावर त्यांचं काम चालतं. मधलं पाणी भराभर ओढलं जातं. वरचा तरंगणारा जाड थर आणि तळाला बसलेला घट्ट गाळ मात्र तसाच राहतो. तो काढायचा तर वरचा थर बाहेरूनच लांब काठीने फोडायचा, तळ दाबाच्या पाण्याने ढवळायचा, किंवा ओढलेलंच पाणी उलट दाबाने परत सोडून गाळ सैल करायचा आणि मग पुन्हा ओढायचा. यात वेळ जातो, एखादी खेपही वाढते. सेवा घसरते ती नेमकी इथे. 'नुसतं ओढून' आणि 'तळ साफ करून' असे दोन भाव सांगितले, तर दुसऱ्या भावात माणूस, दोर आणि बादली धरली आहे का, हे तिथल्या तिथे विचारा.

दोष एकट्या ठेकेदाराचा नाही. 'पैसे देतोय, तळ चकाचक करून द्या' असं कमिटीच सांगते, आणि मुळात ही मागणीच चुकीची आहे. टाकीत मैला कुजवण्याचं काम जिवाणू करतात. त्यासाठी तळाला थोडा जुना गाळ ठेवायचाच असतो. टाकी घासून, फिनेल-ॲसिड टाकून धुतली तर ती पुढचे बरेच दिवस नीट चालत नाही. म्हणजे ज्या कामासाठी माणसाचा जीव धोक्यात घातला जातो, ते काम करायचीच गरज नसते.

माणूस उतरवण्याची आणखी दोन कारणं नेहमी दिसतात. टाकीला मध्ये भिंत असते, पण झाकण एकच. दुसऱ्या कप्प्यात पाईप पोचत नाही. यावर उपाय एकदाच करायचा: गवंड्याकडून दुसऱ्या कप्प्यावर दोन फुटी झाकण पाडून घ्यायचं. दुसरं कारण घरातून येतं. सॅनिटरी पॅड, डायपर, चिंध्या कमोडमधून सोडल्या की त्या पाईपच्या तोंडाशी अडकतात आणि त्या काढायला कोणाला तरी 'जरा आत जा' म्हटलं जातं.

आत काय असतं ते नीट समजून घ्या. कुजलेल्या मैल्यातून हायड्रोजन सल्फाइड निघतो. थोडा असताना सडक्या अंड्यासारखा वास येतो. हवेच्या दहा लाख भागांत शंभर भागांच्या आसपास गेला की नाकाची जाणीवच बधिर होते, आणि उतरणाऱ्याला वाटतं वास गेला, टाकी मोकळी झाली. पाचशे-सातशेच्या पुढे माणूस काही मिनिटांत कोसळतो, हजाराच्या वर एक-दोन श्वासांत. गाळावर पाय पडला की साठलेला वायू एकदम सुटतो, त्यामुळे झाकण दोन तास उघडं ठेवलं होतं याला अर्थ उरत नाही. काडी किंवा कंदील सोडून बघणं तर आणखी वाईट, कारण टाकीतला मिथेन वायू पेट घेतो. तोंडाला रुमाल किंवा साधा मास्क लावून यातलं काहीच अडत नाही. पहिल्याला काढायला दुसरा उतरतो, दुसऱ्यासाठी तिसरा. एकाच टाकीत तिघे-चौघे जातात ते असे.

आणि उतरतो कोण? सफाई कामगारांसाठीच्या केंद्र सरकारच्या 'नमस्ते' योजनेखाली सुमारे ३८ हजार गटार आणि सेप्टिक टँक कामगारांची नोंद झाली, तेव्हा त्यात जवळपास ६९ टक्के अनुसूचित जातींचे निघाले. यंत्र घेण्यापेक्षा हा माणूस स्वस्त पडतो, कारण त्याच्या जातीने हे काम करायचंच असतं असं सगळ्यांनी धरून ठेवलंय. काम झाल्यावर त्याला नळ दाखवत नाहीत, पाणी वरून ओंजळीत ओततात. ही अस्पृश्यताच आहे. साबण, नळ आणि वॉचमनची मोरी खुली ठेवणं हा सेवा घेणाऱ्याचा किमान वाटा आहे.

कायदा स्पष्ट आहे. हाताने मैला साफ करायला बंदी घालणाऱ्या २०१३च्या कायद्याच्या कलम ७नुसार धोकादायक सफाईसाठी प्रत्यक्ष किंवा ठेकेदारामार्फतही माणूस लावता येत नाही. पहिल्या गुन्ह्याला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. म्हणून ठेकेदाराच्या लेटरहेडवरच्या 'सर्व जबाबदारी आमची' या ओळीवर विसंबू नका. गोवंडीच्या एका खासगी सोसायटीच्या टाकीत डिसेंबर २०१९मध्ये तिघांचा जीव गेला. सप्टेंबर २०२१मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने त्यांच्या पत्नींना प्रत्येकी १० लाख द्यायला सरकारला सांगितलं. २० ऑक्टोबर २०२३ला सर्वोच्च न्यायालयाने अशा मृत्यूंची भरपाई ३० लाख केली.

या सगळ्यात उजवी सेवा वाई आणि सिन्नरची. तिथे टाकी तुंबायची वाट न बघता वॉर्डवार दर तीन वर्षांनी गाडी येते. खर्च स्वच्छता करातून जातो, ठेकेदाराला उपसलेल्या टाक्यांच्या हिशेबाने पैसे मिळतात. दोन्हीकडे दिवसाला ७० हजार लिटर मैलागाळ घेणारी प्रक्रिया केंद्रं असल्याने गाडी रात्री ओढ्यात रिकामी करायला कारण उरत नाही. तीन वर्षांत गाळ दगडासारखा बसत नाही, हा सगळ्यात मोठा फायदा. पाचपैकी चार गुण. एक राखून ठेवला, कारण एकच झाकण असलेल्या जुन्या टाक्या तिथेही असतात. फोनवरच्या टँकरला, माणूस न उतरवण्याच्या अटीवर, दोन.

तुमच्या गावात अशी योजना नसेल तर सोसायटीनेच तीन वर्षांची तारीख ठरवून टाकावी. गाडी सांगताना दाबाचं पाणी मारणारा जेट आहे का, पाईप किती लांब आहे, मैला कुठे रिकामा करणार आणि त्याची पावती मिळेल का, हे विचारा. वर्क ऑर्डरवर 'कोणीही टाकीत उतरणार नाही. गाळ निघाला नाही तरी चालेल' असं लिहा, आणि पैसे त्या गाळासाठी अडवू नका. कोणी आत पडलंच तर मागे कोणालाही उतरू देऊ नका, १०१वर अग्निशमन दल बोलवा. शेजारच्या इमारतीत माणूस उतरवताना दिसला तर तक्रारीसाठी १४४२० हा क्रमांक आहे.